एकशे पासष्ट हर्ट्झ आणि सासूबाईंची दुपारची झोप

नवा मॉनिटर घरात आला आणि दातवालीच्या डोक्याला कायमचा ताप झाला.

दातवाली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची, आणि पाच बायकांच्या ज्या टीमबरोबर ती कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम खेळायची, त्या टीमने तिला हे नाव चिकटवलं होतं. तिला ते आवडायचं. घरी ती सून होती, बायको होती. लॅबमध्ये 'मॅडम, तो खालचा जबडा झाला का' होती. टीममध्ये मात्र ती नुसती दातवाली होती, आणि कोपऱ्याआडून डोकं काढणाऱ्या शत्रूला टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान हा मॉनिटर येईपर्यंत तरी नव्हतं.

मॉनिटर एकशे पासष्ट हर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला एकशे पासष्ट वेळा चित्र नवं करणारा. जुना बिचारा साठच वेळा करायचा, पण मुकाट्याने करायचा. नव्यावर चित्र आधी साईसारखं सरकायचं, आणि ऐन नेम धरलेल्या क्षणी उचकी लागल्यासारखं अडखळायचं. एवढीशी उचकी. पण तेवढ्यात समोरची बाई दातवालीला गोळी घालून पुढच्या कामाला लागलेली असायची.

गेल्या रविवारी कप्तानने स्पष्टच सांगितलं होतं. कप्तान म्हणजे दुसऱ्या गावातली गणिताची मास्तरीण, वर्गात बोलते तशीच टीमशी बोलणारी. "हे बघ दातवाले, पुढच्या रविवारी सराव सामना आहे. त्यावरून मी लीगसाठी पाच जणी ठरवणार. तुझं यंत्र पुन्हा अडखळलं तर तुझ्या जागी मी नवीला घेईन. राग मानू नकोस."

राग कसा मानायचा नाही? चार वर्षं ती या टीममध्ये होती. नवी तर कालपरवा टीममध्ये आली होती, आणि तिचा मॉनिटर कसा तर म्हणे डब्यातून काढला, लावला, चालू झाला.

मग दातवालीने आठवडाभर सेटिंगांशी जी झटापट केली तिला तोड नाही. मुळात विंडोजने नवा मॉनिटर साठवरच चालवायला घेतला होता, हे तिला या झटापटीच्या आधीच कळलं होतं. म्हणजे घोड्याला बैलगाडीला जुंपून ती शर्यत का हरतोय म्हणून रडत बसली होती. ते एकशे पासष्टवर नेलं. उचक्या थांबल्या नाहीत, उलट जास्त डोळ्यांत खुपायला लागल्या. मग व्ही-सिंक, म्हणजे गेमच्या चित्राला मॉनिटरच्या तालावर चालवणारी सेटिंग. ते चालू केलं तर बंदूक माऊसचं ऐकायच्या आधी जरा विचार करायची. बंद केलं तर भिंती मधोमध फाटल्यासारख्या दिसायच्या. मग सावल्या कमी, गवत कमी, धूर कमी. शेवटी गेममधलं ते सुंदर बंदर एखाद्या शाळकरी पोराने पुठ्ठ्याचं केल्यासारखं दिसायला लागलं आणि तरी उचकी होतीच.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारपासून रात्रीपर्यंत त्याची पाळी असे, आणि त्याचा सल्ला फोनवरून, कुठल्यातरी बंद पडलेल्या लिफ्टच्या डोक्यावरून येई.

"सेकंदाला किती चित्रं, किती फ्रेम येतायत?"

"दीडशे. कोपऱ्यात आकडा दिसतोय."

"मग उत्तम आहे की."

"आकडा उत्तम आहे रे, गेम भिकार आहे!"

"फ्रेमचा आणि मॉनिटरचा मेळ बसला पाहिजे. लिफ्ट मजल्याशी नेमकी थांबली नाही तर माणूस ठेचकाळतो, तसं आहे ते. फ्रेमला टोपी घाल, म्हणजे वरची मर्यादा. मॉनिटरच्या आकड्याच्या जरा खाली."

"एकशे बासष्टची घातली."

"मग काढ."

दुकानदार तर आणखी थोर. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार बारीक बघताय." जी बाई रोज दाढेच्या खाचा बघत बसते तिला हा असं सांगतो!

सगळ्यात जास्त चीड कशाची येई, तर मधूनच सगळं ठीक होण्याची. दररोज दुपारी केव्हातरी उचक्या थांबत आणि गेम लोण्यासारखा चाले. मंगळवारी सावल्या बंद केल्यावर तसं झालं. "सावल्याच होत्या मेल्या," तिने नवऱ्याला कळवलं. बुधवारी सावल्या बंदच होत्या आणि उचक्या हजर. मग तिने माऊसची तार बदलली, तासाभराने गेम सुरळीत. "तार होती," तिने कळवलं. गुरुवारी तारेचंही पितळ उघडं पडलं. शुक्रवारी एकशे बासष्टची टोपी पुन्हा घातली आणि खिडकी उघडी ठेवली. शेवटी शेवटी तर तिला वाटायला लागलं की आपण कोणत्या पायावर पाय ठेवून बसतो यावरही काहीतरी अवलंबून असणार.

हे सगळं करताना डाव्या हाताला जुना मॉनिटर चालू असे. त्यावर सासूबाई असत.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. न्हाणीघरात पाय घसरला आणि हाड मोडलं. आता त्या वॉकर धरून चालायच्या. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू वॉकर सोडा, कुणीतरी सोबत असताना. घराने त्यातलं 'कुणीतरी सोबत असताना' एवढंच मनावर घेतलं. सकाळी दातवाली लॅबमध्ये, तेव्हा मुलगा आईजवळ. दुपारी मुलगा कामावर, तेव्हा सून घरात. पण सून कानाला हेडफोन लावून पुढच्या खोलीत, आणि आई मागच्या खोलीत. तेव्हा नवऱ्याने मागच्या खोलीतल्या कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवला, त्याचं चित्र नव्यामुळे मोकळ्या झालेल्या जुन्या मॉनिटरवर आणून ठेवलं आणि म्हणाला, "गेम खेळ, बंद कर म्हणत नाही. पण आईवर नजर पाहिजे."

दातवालीने नजर ठेवली. डोळ्यांत तेल घालून ठेवली. उजव्या डोळ्याने शत्रू आणि डाव्या डोळ्याने सासू, असा तिचा दुपारचा खेळ चाले. सासूबाई आधी वर्तमानपत्र चाळत, मग पाणी पीत, मग आडव्या होत. एक हात उशीच्या वर टाकून झोपायची त्यांची सवय होती, आणि एकदा झोपल्या की तास दीड तास कूससुद्धा बदलत नसत. "आईंची झोप मात्र छान आहे हं," ती नवऱ्याला सांगे, आणि तोही समाधानाने हुं म्हणे.

रविवार उजाडला. नवऱ्याला सुट्टी होती, पण कुठेतरी लिफ्ट मधल्यामध्ये अडकली आणि तो जेवता जेवता उठून गेला. दातवालीने सासूबाईंना गोळ्या दिल्या, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, वॉकर हाताला लागेल असा ठेवला आणि म्हणाली, "आई, आज माझी मॅच आहे. काही लागलं तर कॅमेऱ्याकडे बघून हात हलवा. मी लगेच येते."

"मला काय लागणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू खेळ."

सामना सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत उचकी. दुसऱ्या फेरीत उचकी. तिसऱ्या फेरीत दारामागे दबा धरलेली बाई दातवालीला चांगली दिसली, नेम धरला, चित्र अडखळलं आणि दातवाली आडवी.

"दातवाले," कप्तानचा आवाज कानात आला. एवढंच. पुढे काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आठवडा फुकट गेला होता. सगळं करून झालं होतं, आता आणखी कोणतं बटण दाबायचं? मध्यंतराच्या मिनिटभरात तिने टोपी एकशे बासष्टवरून एकशे चाळीसवर आणली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. डावीकडे नजर टाकली. सासूबाई हात उशीवर टाकून झोपल्या होत्या. बरं झालं.

आणि मग गेम चालला! लोण्यासारखा, तेलासारखा, जसा चालावा तसा. तिने एक टिपली. दुसरी टिपली. एका फेरीत एकटीने तिघींना लोळवलं. फरक भरून निघाला. कप्तान जी कधी कुणाला शाबासकी देत नाही, ती म्हणाली, "अस्सं!" दातवालीला वाटलं, एकशे चाळीस. एवढं सोपं होतं. एकशे चाळीस! आता हा आकडा हातावर गोंदून घ्यायचा तेवढा बाकी राहिला.

बरोबरी झाली. आता तीन जादा फेऱ्या, त्यांतल्या दोन जी टीम जिंकेल तिचा सामना. पहिली समोरच्यांनी घेतली, दुसरी दातवालीच्या टीमने. एक राहिली.

तेवढ्यात खांद्याला हात लागला. टेबलावर कप ठेवल्याचा आवाज झाला.

"चहा घे. निवेल."

"ठेवा तिथे," दातवाली म्हणाली. पडद्यावर पुढच्या फेरीसाठी बंदुका निवडायच्या चालल्या होत्या. तिने बंदूक निवडली. मग तिला प्रश्न पडला, चहा आणला कुणी?

तिने डावीकडे बघितलं. सासूबाई झोपलेल्या होत्या, हात उशीवर. तिने मागे बघितलं. सासूबाई उभ्या होत्या. वॉकर नव्हता, काही नव्हतं. एका हाताने खुर्चीची पाठ धरली होती, तीही उगाच धरल्यासारखी. पुन्हा डावीकडे बघितलं. तिथेही सासूबाई.

"आई!" ती ओरडली. एक हेडफोन कानावरून खाली आला. "तुम्ही... तुम्ही तर झोपलाय!"

सासूबाई पडद्याकडे वाकून बघायला लागल्या. "ही मी? अगंबाई, तोंड किती उघडं माझं." मग चोरी पकडल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "त्या कॅमेऱ्याची पिन काढते मी रोज. उशाशीच बोर्ड आहे ना. आडवं व्हायचं आणि हात वर करून ओढायची. मला वाटलं काळं होत असेल, तुला कळत असेल आणि तू काही म्हणत नसशील."

काळं झालं नव्हतं. कॅमेऱ्याच्या त्या दळभद्री ॲपची तऱ्हाच अशी होती की कॅमेरा बंद पडला की शेवटचं चित्र धरून बसायचं. इतके दिवस रोज दुपारी दातवाली डोळ्यांत तेल घालून एका फोटोची राखण करत होती, आणि सासूबाई घरभर हिंडत होत्या.

"अहो, पण पडला असतात म्हणजे? नुसत्या पायांनी? हातात गरम चहा घेऊन?"

"कोण आहे गं तिथे?" कप्तान कानात विचारत होती. "दातवाले, फेरी सुरू झाली!"

"बरं बाई, चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "लावते परत. तू चिडू नकोस, खेळ." आणि भिंतीला हात लावत लावत मागे गेल्या.

दातवालीने हेडफोन सारखा केला. गेम तिला पाठ होता. बंदराच्या मोठ्या दारातून आत. जिन्यावर. समोरच्या दोघी कुठे असणार हे तिला पक्कं माहीत होतं. एक डोकावली, पडली. चौथी पायरी, पाचवी, आणि चित्र अडखळलं.

डाव्या पडद्यावर सासूबाई जाग्या झाल्या होत्या. बोर्डाजवळ वाकल्या होत्या, हलत होत्या, जिवंत.

तेव्हा कुठे दातवालीच्या डोक्यात उजेड पडला. सावल्या नव्हेत. तार नव्हे. टोपी नव्हे, एकशे चाळीस नव्हे. शेजारी साठ हर्ट्झवर चालणारं ते हलतं चित्र, तेच या एकशे पासष्टच्या पायात पाय घालत होतं. सासूबाईंनी पिन काढली की गेम सुरळीत, लावली की उचकी. आठवडाभर तिने श्रेय दिलं ते ज्याला त्याला, आणि सगळं करत होत्या सासूबाई.

पुन्हा उचकी. गोळी कानाजवळून गेली. ते चित्र बंद करायला गेममधून बाहेर पडावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ नव्हता.

"आई!" ती घर दणाणेल अशी ओरडली. "पिन काढा! पटकन! आत्ताच्या आत्ता!"

जुन्या मॉनिटरवर सासूबाई तोवर बोर्डापासून चार पावलं खिडकीकडे गेल्या होत्या. हाक ऐकून त्या गर्रकन वळल्या. ऑपरेशन झालेल्या पायावर वळल्या. हात पलंगाच्या कडेकडे गेला आणि कड लागली नाही.

दातवालीने हेडफोन फेकला. खुर्ची आडवी झाली, चहा सांडला, आणि मागच्या खोलीपर्यंतची ती एवढीशी बोळकांडी तिला संपता संपेना. आपण काय ओरडलो? कुणाला पळवलं? कशासाठी?

सासूबाई कशाबशा तोल सावरून पलंगावर बसल्या होत्या. धापा टाकत होत्या, पण बसल्या होत्या. हातात पिन होती.

"काढली," त्या म्हणाल्या. "जिंकलीस?"

दातवाली चौकटीला टेकली. पुढच्या खोलीतून जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधला कप्तानचा आवाज बारीकसा ऐकू येत होता. मग तोही थांबला.

"नाही. हरलो."

"माझ्यामुळे?"

इथे सुनेने नाही म्हणायचं असतं. दातवालीला ते माहीत होतं. "हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे. तुमच्या मुलामुळे. त्या मेल्या कॅमेऱ्यामुळे, आणि माझ्यामुळे. एक शब्द बोलला असतात मला, की ही पिन मी काढते, मला नको आहे हे, तर काय बिघडलं असतं?"

"कुणाला बोलणार? तुझ्या कानात ते बोळे. तो वरचा डोळा तर काही ऐकत नाही."

"माझ्याशी नीट बोलला असतात!"

"आणि तू ती काढू दिली असतीस?"

दातवालीच्या खिशात फोन थरथरला. कप्तानचा निरोप होता: 'लीगला नवीला घेतेय. तू राखीव. नंतर बोलू.' तिने तो दोनदा वाचला. मग पलंगाच्या पायथ्याशी मटकन बसली आणि तिला रडू फुटलं. रडायचं नव्हतं, पण आठवडाभराचं साचलेलं होतं. चार वर्षांची जागा गेली होती, आणि ती का जात होती हे कळायला उशीर झाला होता तो फक्त एका फेरीचा.

सासूबाईंनी तिला रडू दिलं. समजूत घालायला गेल्या नाहीत.

"मी काही कमी केलं का तुमचं?" दातवाली नाक पुसत म्हणाली. ती आता चांगलीच भडकली होती. "गोळ्या कोण देतं? आंघोळ कोण घालतं? रात्री उठून कोण बघतं?"

"तूच. नाही कोण म्हणतंय?" सासूबाईंचाही आवाज चढला. "सगळं करतेस. तोही करतो. पण दोन महिने झाले, तुम्ही दोघं माझ्याकडे एवढ्यासाठीच बघताय, की पडते का. पडले का. मी चालायला लागलेय हे बघायला या घरात कुणी नाही. भिंत सोडून चालले त्या दिवशी कुणाला तरी हाक मारावीशी वाटली मला. मग आठवलं, पिन मीच काढलीय."

खोटं आहे म्हणायला ते खोटं नव्हतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने इतके दिवस एकच गोष्ट शोधली होती. पडलेली सासू. ती दिसली नाही की तिचं काम झालेलं असे.

"किती चालता?" तिने शेवटी विचारलं.

"खिडकीपर्यंत जाते आणि परत येते. नंतर स्वयंपाकघर. आज चहा घेऊन आले ते पहिल्यांदाच. तुझी मॅच म्हणालीस ना, म्हणून."

चहा पुढच्या खोलीत जमिनीवर पसरला होता. दातवालीने ते सांगितलं नाही.

"बघायचंय?" सासूबाईंनी विचारलं. आवाजात अजून घुस्सा होता.

"बघायचंय."

सासूबाईंनी पिन उशीवर ठेवली, दोन्ही तळहात गादीला टेकले आणि उठल्या. मोडलेला पाय जरा उशिरा उचलला जात होता, पण उचलला जात होता. दातवाली उठून शेजारी गेली आणि दोन्ही हात पसरून, वाकून, त्यांच्याबरोबर एकेक पाऊल सरकायला लागली, पडतील तिथे झेलायच्या तयारीत. खिडकी आली. सासूबाई वळल्या, या वेळी सावकाश, आणि तिच्याकडे बघून थांबल्या.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या.

दातवालीने हात खाली घेतले. ते तिच्या फार जिवावर आलं, पण घेतले, आणि सासूबाई पलंगापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघत राहिली.